चार वर्षांची झान

फ्रान्सच्या गादीवर बाईने बसायचे नाही, हा नियम पुरातन असल्याचे पुष्कळ पुस्तकांत लिहिलेले असते. घटनाक्रम लावून पाहिला की वेगळेच दिसते. ९८७ साली ह्यूग कापे राजा झाला आणि तिथून ३२९ वर्षे प्रत्येक राजामागे मुलगा होताच. सुरुवातीचे राजे तर स्वतःच्या हयातीतच मुलाला अभिषेक करून मोकळे होत. मुलीच्या वारसाहक्काचा प्रश्न उठायला कधी निमित्तच मिळाले नाही.

ते मिळाले ५ जून १३१६ रोजी. दहावा लुई सव्विसाव्या वर्षी वारला. मागे राहिली पहिल्या बायकोची चार वर्षांची मुलगी झान आणि गरोदर असलेली दुसरी राणी क्लेमांस. धाकटा भाऊ फिलिप कारभार पाहू लागला. नोव्हेंबरात राणीला मुलगा झाला, तो पाच दिवस जगला. राजांच्या यादीत तो ‘पहिला झाँ’ आहे. सँ-दनीच्या चर्चमध्ये बापाजवळ त्याची इवलीशी संगमरवरी मूर्ती आहे. ती पाहून कोणाचाही जीव कळवळेल.

आता उरली झान. तिची आई व्यभिचाराच्या आरोपाखाली कैदेत मेली होती, त्यामुळे मुलगी नक्की लुईचीच का, अशी कुजबुज होतीच. तरी आजी आन्येस, म्हणजे नवव्या लुईची लेक, आणि मामा एद, बर्गंडीचा ड्यूक, तिच्या हक्कासाठी उभे राहिले. काका थांबला नाही. ९ जानेवारी १३१७ ला रँस शहराच्या वेशी बंद करून त्याने अभिषेक उरकला. फेब्रुवारीत पॅरिसला सरदार, धर्माधिकारी, नगरजन आणि विद्यापीठातले पंडित जमवून ठरवून घेतले की फ्रान्सच्या राज्यावर स्त्रीचा वारसा चालत नाही. पुढच्या वर्षी मामाने याच काकाच्या मुलीशी लग्न केले आणि तक्रार मिटली. माझ्या मते नियमाचा जन्म इथे आहे: एका पोरक्या मुलीला मामानेही सोडले, तिथे.

फिलिप १३२२ मध्ये गेला, मागे फक्त मुली. त्याच्याच नियमाने त्या बाजूला पडल्या आणि भाऊ शार्ल आला. १३२८ मध्ये तोही गेला. राणी गरोदर होती, पण झाली मुलगी. मग गादी चुलतभावाकडे, व्हाल्वा घराण्याकडे गेली. इंग्लंडचा तिसरा एडवर्ड या भावांच्या बहिणीचा मुलगा. त्याने आईच्या नात्याने हक्क सांगितला आणि १३३७ पासून शतकभर युद्ध पेटले. फ्रँक टोळ्यांचा जुना ‘सॅलिक कायदा’ पंडितांनी पुढे केला तो नंतर, झालेल्या निवाड्याला आधार म्हणून.

झानला १३२८ मध्ये नाव्हारचे छोटे राज्य मिळाले. तिथे मुलीचा वारसा चालत असे. २७ फेब्रुवारी १५९४ रोजी शार्त्रला चौथ्या आन्रीचा अभिषेक झाला. फ्रान्सची गादी त्याला बापाकडून, नवव्या लुईच्या धाकट्या मुलाच्या वंशातून मिळाली. नाव्हारचा मुकुट मात्र आईकडून आला होता, आणि आईचा वंश मागे मोजत गेले की तो झानपाशी पोचतो.