बदललेल्या गाडीचे दुखणे

कंपनीतून आली तशीच गाडी चालवायची, हा आपल्या वडीलधाऱ्यांचा रिवाज. घरातल्या तरुणाला तो पटत नाही. त्याला इंजिनाची ताकद वाढवायची असते, टायर रुंद हवे असतात, पुढे चार जादा दिवे हवे असतात. हौसेला मोल नसते हे खरे. पण अशी गाडी एखाद्या रात्री सगळे कुटुंब बसलेले असताना रस्त्यात बंद पडते, तेव्हा मिस्त्री तरी काय करणार? तिच्यात काय काय बदलले आहे, हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते.

गोंदियाजवळच्या मुर्रीकडच्या माणसाला जिप्सी नवी नाही. नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलात पर्यटकांना वाघ दाखवायला हीच उघडी गाडी वर्षानुवर्षे धावत आली. आणि देशातल्या मोटार रॅलींत इंजिन बदलून, आत लोखंडी पिंजरा बसवून धुरळा उडवणारीही हीच. १९८५ मध्ये बाजारात आलेल्या जिप्सीची सर्वसामान्य ग्राहकांसाठीची विक्री २०१९ मध्ये थांबली. म्हणजे आज हौशी माणसाच्या हाती येणारी जिप्सी जुनीच असणार, आणि तिच्या पोटात आधीच्या दोन-तीन मालकांची कारागिरी दडलेली असणार.

सर्वांत जास्त त्रास देते ती वायरिंग. साधे गणित पाहा. हेडलाइटचा नेहमीचा बल्ब ६० वॅटचा. दोन्हींचे मिळून १२ व्होल्टला १० अँपिअर होतात. त्या जागी १०० वॅटचे बल्ब घातले की जवळजवळ १७ अँपिअर. वायर आणि स्विच मात्र जुनेच. रिले न बसवता हा भार त्यांच्यावर टाकला तर उजेड वाढण्याऐवजी स्विच तापतो. मग फ्यूज उडतो. तो वारंवार उडतो म्हणून कुणी शहाणा १५ अँपिअरच्या जागी ३० चा घालतो. आता फ्यूज शाबूत राहतो आणि डॅशबोर्डाखालची वायर जळते. गाडीला आग लागली की सगळे 'शॉर्ट सर्किट' म्हणून मोकळे होतात. तिची तयारी कित्येक महिने आधी झालेली असते.

सकाळी गाडी स्टार्ट होत नाही, ही दुसरी तक्रार. लगेच नवी बॅटरी घेतली जाते आणि आठवड्याने तीही बसते. सगळे बंद करून बॅटरीची ऋण वायर सोडवावी आणि मध्ये मीटर लावावा. ०.०५ अँपिअरपर्यंत प्रवाह क्षम्य. अर्धा अँपिअर दिसला तर ४५ अँपिअर-तासांची बॅटरी चार दिवसांत रिकामी होते. एकेक फ्यूज काढत जावे. ज्याने आकडा पडेल त्याच्या वाटेवर चोर आहे. बदललेल्या गाडीत मात्र गंमत अशी, की सगळे फ्यूज काढले तरी आकडा हलत नाही. कारण म्युझिक सिस्टिमचा अँप्लिफायर कुणीतरी थेट बॅटरीला जोडलेला असतो. कंपनीच्या नकाशात ही वायर नाहीच, मग नकाशा पाहून ती सापडणार कशी?

इंजिनाचे दुखणे ओळखायला प्लग काढून पाहावा. फिकट बिस्किटी रंग असेल तर जळण ठीक. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. पांढराफटक पडला असेल तर पेट्रोल कमी पडून आतली उष्णता वाढली आहे; अशा गाडीला चढावर दामटले तर पिस्टनच वितळायचा. उघडा 'रेसिंग' एअर फिल्टर हा आणखी एक भ्रम. आवाज झकास येतो. पण तो तापलेल्या इंजिनाशेजारची हवा ओढतो. विदर्भातल्या मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना बॉनेटखाली हवा ७५ अंशांवर गेली, तर तेवढ्याच जागेत ती शेकडा आठ-नऊने कमी मावते. पैसे घालून ताकद घटवण्याचा हा प्रकार!

टायरचेही तेच. जिप्सीच्या २०५/७० मापाच्या पंधरा इंची टायरऐवजी २३५/७५ चे घातले तर चाकाचा व्यास सुमारे दहा टक्क्यांनी वाढतो. काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी ८८ ने पळत असते. पिकअप मंदावतो, ब्रेक उशिरा लागल्यासारखे वाटतात. मालक क्लच आणि ब्रेक बदलून घेतो. टायरचा संशय कुणालाच येत नाही.

म्हणून जाणता मिस्त्री बॉनेट उघडण्याआधी विचारतो, शेवटी काय बदलले? तो बदल आधी काढून, मूळ भाग लावून गाडी चालवून पाहतो. एका वेळी एकच गोष्ट. पण मालक खरे सांगत नाहीत. काहींना वडिलांची धास्ती असते, काहींना आरटीओची. दुसरी धास्ती निराधार नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कंपनीने ठरवलेल्या मूळ स्वरूपाविरुद्ध बदल करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्ट केले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बेकायदा बदलामागे पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आली. अपघातानंतर विमा कंपनीही हेच बदल शोधते.

जुनी जिप्सी घ्यायला निघालेल्याने रंग आणि टायर नंतर पाहावेत. आधी टॉर्च घेऊन डॅशबोर्डाखाली वाकावे आणि काळ्या टेपने गुंडाळलेले जोड मोजावेत. मोजता मोजता विकणाऱ्याच्या चेहऱ्याकडेही एकदा पाहून घ्यावे.