नवा लॅपटॉप आणि न वाचलेला परवाना

लसीची कुपी हाती घेतली की आम्हा बालरोगतज्ज्ञांची नजर आधी दोन ठिकाणी जाते : मुदतीच्या तारखेकडे आणि उष्णतेची झळ दाखविणाऱ्या त्या लहानशा चौकोनाकडे. आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळाइतका गडद झाला असेल तर कुपी बाजूला जाते. तिथे किमतीचा विचार कोणी करीत नाही. दवाखान्यासाठी लॅपटॉप घेताना मात्र हीच मंडळी प्रोसेसर, रॅम आणि सवलत एवढेच विचारून मोकळी होतात. यंत्रातील कार्यप्रणाली कोणती, तिची आवृत्ती कोणती, परवाना कशा प्रकारचा, हे प्रश्न दुकानदाराच्या मर्जीवर सोडले जातात.

अलीकडे हा विषय अनेकांच्या दाराशी आला तो विंडोज १० मुळे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने या प्रणालीचे नियमित सुरक्षा-साहाय्य थांबविले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे पुष्कळ धडधाकट यंत्रे त्या उंबरठ्यावरच अडली. 'अजून चालतंय की' असे आमचे काही व्यवसायबंधू म्हणतात. चालते हे खरेच. मुदत संपलेली लसही सिरिंजमध्ये भरता येतेच!

मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या खंडणीखोर विषाणूने ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेला वेठीस धरले. इंग्लंडमधील २३६ रुग्णालय-ट्रस्टांपैकी किमान ८० ट्रस्टांना त्याची झळ पोहोचली. ज्या फटीतून तो शिरला ती बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच उपलब्ध केली होती. ती अनेक यंत्रांवर बसविलीच गेली नव्हती. आपल्याकडे नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या 'एम्स'वर असाच हल्ला झाला आणि तेथील कामकाज कित्येक दिवस कागद-पेनावर चालवावे लागले. आपल्या दोन खोल्यांच्या दवाखान्याकडे कोण वळून पाहणार, हा युक्तिवाद टिकत नाही. असा विषाणू दारावरची पाटी वाचून आत येत नाही.

आता आवृत्तीविषयी. दुकानात मिळणाऱ्या सर्वसाधारण लॅपटॉपवर बहुधा 'होम सिंगल लँग्वेज' ही आवृत्ती घातलेली असते. बेळगावात एकभाषी यंत्र ! माझ्या अनगोळच्या दवाखान्यात एकाच सकाळी वडगावची मराठी आई, उद्यमबागेत नोकरीला असलेला कन्नड बाप आणि उर्दू बोलणारी आजी शेजारी शेजारी बसलेली असतात. पण नाव ऐकून बिचकण्याचे कारण नाही. हे बंधन पडद्यावरील सूचनांच्या भाषेपुरतेच आहे. टंकलेखन मराठीत, कन्नडमध्ये, हव्या त्या लिपीत करता येते. देवनागरीची ही सोय विंडोज २००० मध्ये आली आणि कन्नडची २००१ च्या एक्सपीमध्ये. त्याआधी फाँट जुळविण्यात आमच्या पिढीचे किती रविवार गेले, ते ज्याचे त्याने आठवावे. मात्र स्वागतकक्षातील ताईंना सूचना कन्नडमध्ये आणि तुम्हाला इंग्रजीत हव्या असतील, तर ही आवृत्ती उपयोगाची नाही.

दवाखान्याच्या यंत्रासाठी खरा विचार करायचा तो 'होम' की 'प्रो' याचा, आणि माझा कौल 'प्रो'ला आहे. कारण एकच. बेळगावहून पुण्याला जाणाऱ्या रात्रीच्या बसमध्ये तुमची बॅग राहिली, तर लॅपटॉपची किंमत फार तर एका महिन्यात भरून निघेल. पण त्यात शेकडो मुलांची नावे, पत्ते, आईवडिलांचे दूरध्वनी, वाढीचे तक्ते आहेत. एखाद्या मुलाच्या फिट्सची नोंद आहे, एखाद्याच्या घरातील क्षयाची. विंडोजचा पासवर्ड ही नोंद राखीत नाही. डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली की सारे उघडे पडते. डिस्कवरील मजकूरच सांकेतिक करून ठेवणे हा त्यावरचा उपाय. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर 'होम'मध्येही त्याचे साधे रूप मिळते, पण ते मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी बांधलेले असते. 'प्रो'मधील 'बिटलॉकर' आपल्या हाती पूर्ण नियंत्रण देतो आणि पेनड्राइव्हलाही कुलूप घालतो. आपली निम्मी माहिती पेनड्राइव्हमधूनच फिरत असते, हे सांगायला नको. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात सुरक्षेची पुरेशी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, तीही लक्षात असावी.

घरी मुलाच्या अभ्यासासाठी घ्यायचा असेल तर 'होम' पुरे. 'प्रो'वर पैसे घालवू नयेत.

परवान्याचे मुख्य प्रकार दोन. यंत्राबरोबर येणारा 'ओईएम' परवाना त्या यंत्राशीच बांधलेला असतो. मदरबोर्ड गेला की बहुधा तोही गेला. स्वतंत्र विकत घेतलेला 'रिटेल' परवाना महाग पडतो, पण जुन्या यंत्रावरून काढून नव्यावर नेता येतो. लॅपटॉपसाठी पहिला पुरेसा आहे. सुटे भाग बदलत चालणाऱ्या डेस्कटॉपसाठी दुसरा परवडतो. काहीशे रुपयांत विकल्या जाणाऱ्या प्रॉडक्ट की अनेकदा मोठ्या संस्थांच्या सामूहिक परवान्यातून फुटलेल्या असतात आणि केव्हाही रद्द होऊ शकतात.

याहून वाईट म्हणजे 'विंडोज नसलेला घ्या साहेब, आम्ही घालून देतो' हे आश्वासन. असे 'घालून देताना' वापरलेली साधने आधी विषाणूरोधक बंद करायला लावतात, एवढ्यावरूनच काय ते ओळखावे. पैसे वाचवायचेच असतील तर उबुंटू आहे. एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या तिच्या २४.०४ या आवृत्तीला पाच वर्षांचे साहाय्य आहे, आणि परवाना विनामूल्य. फक्त आपले बिलाचे सॉफ्टवेअर आणि प्रिंटर तिच्यावर चालतात का, ते आधी पाहावे. पुष्कळांचे घोडे तिथेच अडते.

बिटलॉकर सुरू करताना ४८ आकडी पुनर्प्राप्ती क्रमांक मिळतो. तो हरवला तर तुमच्या नोंदी तुम्हालाही परत मिळत नाहीत. मी तो कागदावर छापून वैद्यकीय नोंदणी प्रमाणपत्राच्या फाइलमध्ये, घरच्या कपाटात ठेवला आहे. लॅपटॉपच्या बॅगेत नव्हे.