लेडीज तंबोरा, जेन्ट्स तंबोरा

मिरजेत तंबोरा घ्यायला गेलात, तर लाकूड, नक्षी, किंमत या सगळ्याच्या आधी तुम्हाला एक प्रश्न विचारला जातो: लेडीज की जेन्ट्स? वाद्याला कसलं आलंय बाईपण आणि पुरुषपण? पण प्रश्न अगदी सरळ आहे आणि त्याच्या पोटात आपल्या गाण्याची केवढी तरी गोष्ट दडलेली आहे.

ही वाद्यं घडवणारे मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हत्यारांची मागणी ओसरली, तेव्हा फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी हात तंतुवाद्यांकडे वळवले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, त्यावर तुणीचं लाकूड आणि चार तारा. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

आता दोन्ही तंबोरे शेजारी उभे करून पाहा. पुरुषांचा जवळजवळ पाच फुटी, पोट चांगलं मोठं. बायकांचा आखूड, भोपळा लहान, तारा बारीक. असं का? उत्तर तुमच्या गळ्यात आहे. पुरुषाच्या स्वरतंतूंची लांबी साधारण १७ ते २५ मिलिमीटर, स्त्रीच्या साडेबारा ते साडेसतरा. बस्स, एवढ्या काही मिलिमीटरांचा खेळ! वयात येताना मुलाचा कंठमणी पुढे येतो, तंतू लांब आणि जाड होतात, आवाज फुटतो आणि खाली उतरतो. मुलीचाही थोडा उतरतो, पण फार नाही.

म्हणून पुरुष गवई आपला सा बहुधा काळी एकच्या, म्हणजे पेटीच्या सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीच्या, आसपास लावतो, तर गायिका काळी चारच्या आसपास. काळी एकच्या सा ला तार सेकंदाला सुमारे १३९ वेळा थरथरते, काळी चारच्या सा ला २०८ वेळा. गंमत बघा, २०८ म्हणजे १३९ ची जवळजवळ बरोब्बर दीडपट. आणि दीडपट म्हणजे काय? पंचम! त्याचा प जिथे, तिथे तिचा सा. तीच तार, तसाच ताण ठेवून हा स्वर हवा असेल, तर तारेची लांबी दोन तृतीयांशावर आणावी लागेल आणि तंबोरा अगदीच खुजा होईल. म्हणून कारागीर लांबी थोडी कमी करतो आणि उरलेलं काम बारीक तारेवर सोपवतो.

मग तुम्ही विचाराल, आरतीला तर घरातले सगळे एकत्र गातात, तिथे कुठे अडतं? तिथे बायका नकळत पुरुषांच्या वरच्या सप्तकात गातात आणि आरतीची चाल चार-पाच स्वरांत फिरत असल्यामुळे निभावतं. ख्यालगायकाला मात्र खालच्या पंचमापासून वरच्या पंचमापर्यंत मोकळं फिरायचं असतं. एवढी जागा गळ्यात मिळायची, तर सा नेमका आपल्या सोयीच्याच ठिकाणी हवा. इकडे-तिकडे झाला की वर ओरड नाहीतर खाली पुटपुट.

आता एक असं आश्चर्य, जे ऐकून मला अजूनही तबल्याकडे पुन्हा पाहावंसं वाटतं. बाईचा आवाज उंच, तेव्हा तिच्या साथीला उंच सुराचा तबला लागत असेल, नाही का? नेमकं उलट! पुरुष गायकाबरोबर लहान तोंडाचा, सव्वापाच इंचांच्या आसपासचा तबला वाजतो आणि गायिकेबरोबर सहा इंच किंवा त्याहून मोठ्या तोंडाचा. कारण तबला १३९ कंपनांपर्यंत खाली उतरला तर त्याचा नादच हरवेल. म्हणून तो पुरुषाच्या तार षड्जाला, म्हणजे २७७ ला मिळवतात. गायिकेचा मध्य षड्ज २०८ वर असतो, तो तबल्याला सहज पेलतो. त्यामुळे बाईच्या मैफिलीतला तबला पुरुषाच्या मैफिलीतल्या तबल्यापेक्षा ढाला, जास्त घुमणारा.

खरी अडचण येते ती स्त्री-पुरुष जुगलबंदीत. दोघांनी एकाच सा वर गायचं, तर कुणीतरी आपली जागा सोडायची. एकतर त्यानं ताणायचं, नाहीतर तिनं दबायचं. भाऊ-भाऊ, बहिणी-बहिणी जुगलबंदी गात आल्या, पण एक स्त्री आणि एक पुरुष जोडीनं ख्याल गातायत, हे क्वचितच, आणि त्यामागे हेही एक कारण.

यावर पंडित जसराजांनी काढलेली वाट इतकी सुंदर आहे की ती सावकाश पाहू या. ती वाट मूर्च्छनेची. मूर्च्छना ही कल्पना भरताच्या नाट्यशास्त्राइतकी जुनी: स्वर तेच ठेवायचे, पण सा वेगळ्या स्वराला म्हणायचं. एकाच जिन्यावर दोघं उभे आहेत. तो तळापासून पायऱ्या मोजतो, ती चौथ्या पायरीला पहिली म्हणून तिथून मोजते. जिना बदलत नाही, पायऱ्या हलत नाहीत, मोजणी मात्र दोघांची वेगळी.

समजा, तो काळी दोनला आभोगी राग गातोय. आभोगीचे स्वर सा, रे, कोमल ग, म, ध. ती गाते काळी चारला, म्हणजे त्याचा म हाच तिचा सा. आता तिच्या बाजूनं मोजा. त्याचा ध तिचा शुद्ध ग होतो. त्याचा वरचा सा तिचा प. त्याचा वरचा रे तिचा ध. वरचा कोमल ग तिचा कोमल नी. काय हाती आलं? सा, ग, प, ध, कोमल नी. अहो, हा तर कलावती! पेटीवर पट्ट्या त्याच पाच. तो आभोगी गातोय, ती कलावती, दोघंही आपापल्या सोयीच्या सुरात, आणि कुणीच कुणाला वाट करून दिलेली नाही. त्याच हिशेबानं नटभैरवातून मधुवंती निघतो. या प्रकाराला नाव पडलं जसरंगी. संजीव अभ्यंकर आणि अश्विनी भिडे-देशपांडे यांनी तो अनेक मैफिलींत गायला आहे. त्याची सम ती स्वतःच्या रागात उचलते, तेव्हा सगळं सभागृह एका क्षणात दुसऱ्या रागात शिरतं. मला हे आपल्या संगीतातलं एक मोठं समतेचं काम वाटतं.

पण गळ्यावर सगळं ढकलून मोकळं होऊ नका. लेडीज-जेन्ट्सची ही रेघ वाटते तेवढी ठळक नाही. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ चढ्या सुरात, बारीक, नाजूक आवाजात गात. त्याच घराण्याच्या गंगूबाई हनगल यांच्या तरुणपणीच्या, ‘गांधारी’ या नावानं निघालेल्या ध्वनिमुद्रिका ऐका: पातळ, कोवळा आवाज. पुढे टॉन्सिलच्या दुखण्यानंतर तो खाली उतरला आणि त्या अशा भारदस्त, खर्जाच्या आवाजात गाऊ लागल्या की नाव न सांगता ऐकवलं तर नवखा श्रोता पुरुष गातोय म्हणेल. त्याच आवाजावर त्यांनी सारी कारकीर्द उभी केली.

आणि रंगभूमीकडे पाहिलं तर थक्कच व्हायला होतं. पुन्हा मिरजच! १९०५ साली किर्लोस्कर मंडळीच्या ‘शाकुंतल’मध्ये शकुंतला म्हणून नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, पहिल्यांदा इथेच उभे राहिले. त्याच वर्षी, याच गावात, अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने यांच्या घरी एक मुलगी जन्मली. तीच हिराबाई बडोदेकर. पुढची कित्येक वर्षं महाराष्ट्र बालगंधर्वांच्या रूपात आणि सुरात आदर्श स्त्री पाहत राहिला. ते गाणं अलौकिकच होतं. पण खऱ्या स्त्रीनं त्याच रंगमंचावर पुरुषांबरोबर उभं राहून गावं, हे त्याच समाजाला पचत नव्हतं. बाईची भूमिका पुरुषाचा गळा करू शकत होता, म्हणजे अडथळा गळ्याचा नव्हताच. १९२९ साली हिराबाई आणि त्यांच्या भावंडांनी स्वतःची नाटक कंपनी काढली आणि तिथे स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या. तिकीट लावून जाहीर मैफिली करणाऱ्या पहिल्या काही गायिकांतही हिराबाई होत्या. धाकटी बहीण सरस्वती राणे यांच्याबरोबर त्यांनी जुगलबंदीही गायली.

गाण्यातली दारं उघडली तरी वाद्यांची किलकिलीच राहिली. तंबोऱ्याला बसलेली शिष्या सहज दिसते. तबल्यावर बाई दिसली की आजही माना वळतात. इथे तर स्वरतंतूंचाही संबंध नाही! हाताची बोटं काळी एक की काळी चार विचारत नाहीत. मुंबईत आबान मिस्त्री यांनी एकल तबलावादन केलं आणि तबल्याच्या इतिहासावर ग्रंथही लिहिला. अनुराधा पाल यांनी १९९६ साली ‘स्त्री शक्ती’ हा फक्त स्त्री वादकांचा संच उभा केला. अशी नावं चटकन बोटांवर मोजता येतात, हीच खटकणारी गोष्ट.

तेव्हा पुढच्या मैफिलीला जाल, तेव्हा तबल्याचं तोंड किती रुंद आहे ते पाहा आणि त्यामागे कोण बसलंय तेही पाहा. आणि घरातली मुलगी तबला शिकायचा म्हणाली, तर तिला पेटीच्या वर्गाला वळवू नका. सव्वापाच इंची घ्या, सहा इंची घ्या, पण तबलाच घेऊन द्या.