दलदलीतील बुडबुडे आणि खाणीतील ज्वाला

१७७६ सालच्या नोव्हेंबर महिन्यातील गोष्ट. उत्तर इटलीतील माज्जोरे सरोवराच्या काठी, अंगेरा गावानजीक, आलेस्सांद्रो व्होल्टा हा एकतीस वर्षांचा पदार्थविज्ञानाचा अध्यापक लव्हाळ्यांनी भरलेल्या उथळ पाण्यात काठीने तळचा गाळ ढवळीत होता. पुढे १८०० मध्ये ज्याने विद्युत्‌घट सिद्ध केला, तो हाच व्होल्टा. गाळ हलताच बुडबुडे वर येत. पाण्याने भरलेली बाटली त्यांवर पालथी धरून त्याने ते साठविले आणि बाटलीच्या तोंडाशी ज्योत नेली. आतील वायू निळसर ज्योतीने संथपणे जळू लागला.

पेटणारी हवा त्या काळी अगदीच अपरिचित नव्हती. धातूंवर आम्ल ओतले असता निघणाऱ्या अशा हवेचे, म्हणजे आजच्या हायड्रोजनचे, वर्णन कॅव्हेंडिशने १७६६ मध्येच केले होते. व्होल्टाचे मित्र पाद्री कार्लो ज्युसेप्पे कांपी यांनाही ज्वलनशील वायूचा एक नैसर्गिक उगम आढळला होता. परंतु पेटते म्हणून ती तीच हवा, असे व्होल्टाने मानले नाही. दोन्ही वायू विजेच्या ठिणगीने पेटवून त्याने त्यांची तुलना केली. दलदलीतील वायूस जळण्यासाठी कितीतरी अधिक हवा लागे. त्याच्या एका भागास सुमारे दहा भाग हवा लागते, हे आज आपणांस ठाऊक आहे. कांपी यांना त्याने लिहिलेली पत्रे १७७७ मध्ये मिलान येथे प्रसिद्ध झाली. ऑक्सिजन पोहोचत नाही अशा चिखलात सूक्ष्मजंतू वनस्पतींचे अवशेष कुजवितात, त्यातून हा वायू निघतो. गोबरगॅसमधील जळणारा मुख्य घटकही हाच. मिथेन हे नाव मात्र त्यास हॉफमन या जर्मन रसायनज्ञाने १८६६ मध्ये दिले.

इकडे इंग्लंडच्या कोळसाखाणींत एक वायू माणसांचे बळी घेत होता. खाणकामगार त्यास ‘फायरडॅम्प’ म्हणत. कोळशाच्या फटींतून तो झिरपे, छताशी साचे आणि कामगाराच्या उघड्या दिव्याने भडकून उठे. २५ मे १८१२ रोजी फेलिंग येथील खाणीत असा स्फोट होऊन ९२ माणसे व मुले मरण पावली. तेथील धर्मोपदेशक जॉन हॉजसन यांनी या दुर्घटनेची हकीकत छापून प्रसिद्ध केली आणि पुढे त्यांनीच खाणीतील वायू बाटल्यांत भरून लंडनला हम्फ्री डेव्हीकडे पाठविला. डेव्हीच्या परीक्षणात तो दलदलीतील वायूच ठरला!

हवेत हा वायू साधारणपणे ५ ते १५ टक्के असला म्हणजे स्फोट होतो. मात्र अरुंद नळीतून ज्योत पलीकडे जात नाही, असे डेव्हीस १८१५ मध्ये आढळले. कारण नळीच्या भिंती तिची उष्णता शोषून घेतात. हेच काम बारीक तारेची जाळीही करते. म्हणून त्याने दिव्याभोवती चौरस इंचास ७८४ छिद्रे असलेली जाळी बसविली. वायू आत शिरे, जळे. ज्योत बाहेर पडत नसे. शिवाय ज्योतीवर निळसर टोपी दिसली की कामगारास धोका कळे. जानेवारी १८१६ मध्ये हा दिवा प्रत्यक्ष खाणीत उतरला. डेव्हीने त्याचे पेटंट घेतले नाही.

तरीही खाणींतील मृत्यू अपेक्षेप्रमाणे घटले नाहीत. जाळी फाटे, गंजे. वाऱ्याचा जोर असला तर ज्योत तिच्यातून बाहेरही पडे. आणि दिवा हाती आहे या भरवशावर मालकांनी पूर्वी धोक्याचे म्हणून सोडून दिलेले, वायूने भरलेले थर पुन्हा खणावयास काढले.