पुरानंतर मुलें व मातापितरें यांच्या मनास आधार : दातृवर्गास निवेदन

पूर ओसरला म्हणजे तलाठी, ग्रामसेवक व कृषि सहायक गांवांत येऊन पंचनामा करतात. पडलेलें घर, वाहून गेलेलें जनावर, बुडालेलें पीक व खरडून गेलेली जमीन यांचे रकाने त्यांत असतात. आभाळ भरून आलें कीं आईचा पदर न सोडणाऱ्या मुलाचा, अथवा सारी रात्र ओसरीवर बसून काढणाऱ्या बापाचा रकाना त्यांत नसतो. ही हानि मोजण्यास कठीण, पण खरी आहे. ती भरून काढण्याचें एक मोठें साधन सरकारापेक्षां आपणांसारख्या व्यापारी, जमीनदार व देणगीदार गृहस्थांच्या हातीं अधिक आहे. तें कोणतें व तें कसें वापरावें, हें या लेखांत विशद करण्याचा आमचा हेतु आहे.

प्रथम घडलेला प्रकार थोडक्यांत सांगतों. सन २०२५ च्या ऑगस्टमध्यें, १७ व १८ तारखांच्या सुमारास, नांदेड जिल्ह्याच्या मुखेड तालुक्यांत अतिवृष्टि झाली. लातूर, उदगीर व कर्नाटक या बाजूंनींही पाण्याचा लोंढा आला आणि लेंडी धरणाच्या परिसरांतील रावणगांव, हसनाळ, भासवाडी व भिंगेली हीं गांवें पाण्यानें वेढलीं गेलीं. एकट्या रावणगांवांत सव्वादोनशें माणसें अडकल्याचें सरकारनें जाहीर केलें. हसनाळ येथें प्राणहानि झाली आणि बचावासाठीं सैन्याची तुकडी बोलवावी लागली. पाठोपाठ सप्टेंबरच्या उत्तरार्धांत लातूर, नांदेड व शेजारच्या जिल्ह्यांतील नद्यांना पूर येऊन काढणीस आलेलें सोयाबीन पाण्याखालीं गेलें. ज्या लातूर शहरास सन २०१६ च्या एप्रिलमध्यें मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, त्याच जिल्ह्यावर नऊ वर्षांनीं हा प्रसंग आला. सरकारनें ७ ऑक्टोबर २०२५ रोजीं राज्यासाठीं ३१,६२८ कोटि रुपयांचें साहाय्य जाहीर केलें. तें आवश्यकच होतें. परंतु पैका खात्यावर जमा झाला म्हणजे झोंप परत येतेच असें नाहीं.

लहान मूल आपलें भय शब्दांनीं सांगत नाहीं. तें शरीरानें व वागणुकीनें सांगतें. अंथरूण ओलें करण्याची सुटलेली संवय पुन्हां जडते. मूल रात्रीं किंचाळून उठतें, आई नजरेआड झाली कीं रडतें, पोटदुखीची सबब सांगून शाळा टाळतें. मातीचें घर करून त्यावर पाणी ओतावयाचें, हा एकच खेळ तें पुन्हां पुन्हां मांडतें. थोड्या मोठ्या मुलाचें अभ्यासांत लक्ष लागत नाहीं. चौदापंधरा वर्षांचा मुलगा गप्प होतो, चिडतो, किंवा शिक्षण सोडून मजुरीस जातों म्हणतो. त्याच वयाच्या मुलीचें लग्न उरकून टाकण्याची भाषा घरांत सुरू होते. मुलांचीं यांतील बहुतेक लक्षणें वेडाचीं नव्हत. अकल्पित संकटास निरोगी मनानें दिलेलें तें उत्तर होय. घर, शाळा व दिनक्रम पूर्ववत् झाला कीं बहुतेक मुलांच्या बाबतींत तीं कांहीं आठवड्यांत ओसरतात. थोड्यांच्या बाबतींत मात्र तीं टिकून राहतात, आणि अशा मुलांस वैद्याचे उपचार लागतात.

कोणतें मूल सांवरेल व कोणतें मागें राहील, हें कशावर अवलंबून असतें ? मुलानें किती भयंकर दृश्य पाहिलें यावर, असें सहज वाटतें. तें कांहीं अंशीं खरें आहे. अनुभव मात्र याहून अधिक सांगतो. अमेरिकेंतील वेस्ट व्हर्जिनिया संस्थानांत २६ फेब्रुवारी १९७२ रोजीं कोळशाच्या खाणीचा बांध फुटून बफेलो क्रीक नांवाच्या खोऱ्यांत लोंढा आला व १२५ माणसें बुडालीं. वांचलेल्या लोकांनीं खाणीच्या मालकांवर दावा लावला, आणि त्या दाव्याच्या निमित्तानें दोन वर्षांनीं कुटुंबांची मानसिक तपासणी झाली. त्यांतील दोन ते पंधरा वर्षांच्या १७९ मुलांचीं टिपणें पुढें अभ्यासकांनीं पाहिलीं, तेव्हां शेंकडा ३७ मुलांत आघाताचा विकार असावा असें दिसून आलें. जिवावर बेतलेल्या प्रसंगाबरोबरच आईबापांची खचलेली मनःस्थिति व घरांतील चिडचिडीचें किंवा उदास वातावरण यांशीं मुलांच्या विकाराचा संबंध आढळला. ऑस्ट्रेलियांत फेब्रुवारी १९८३ मध्यें मोठा वणवा लागला होता. त्या भागांतील ८०८ शाळकरी मुलांच्या पाहणींत तर असें दिसलें कीं, मुलानें स्वतः किती आग पाहिली यापेक्षां, त्या दिवसांत आईबापांपासून झालेली ताटातूट व आईच्या मनांतून न जाणारी ती धास्ती यांवरून मुलाचें पुढील दुखणें अधिक नेमकें ओळखतां येत होतें.

सारांश, मुलाचें मन आईबापांच्या मनाच्या आश्रयानें राहतें. छप्पर गळूं लागलें तर खालच्या अंथरुणास दोष देऊन चालत नाहीं. यांत आशेलाही जागा आहे. बफेलो क्रीकचीं तींच मुलें सतरा वर्षांनीं पुन्हां तपासलीं गेलीं, तेव्हां त्यांतील बहुतेक सांवरलेलीं आढळलीं.

दूरच्या या दाखल्यांस आपल्या प्रांताच्या अनुभवाची जोड आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे चार वाजण्याच्या सुमारास, गणेशविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीं, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर व तेव्हांचा उस्मानाबाद, म्हणजे हल्लींचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत सरकारी आंकड्याप्रमाणें सुमारें आठ हजार माणसें गेलीं आणि ५२ गांवें नव्या जागीं वसवावीं लागलीं. तो जलप्रलय नव्हता. परंतु एका रात्रींत घर व माणसें गमावलेल्या मुलांचें काय करावें, हा प्रश्न तोच होता. भारतीय जैन संघटनेनें सुमारें १,२०० मुलें शिक्षणासाठीं पुण्यास नेऊन सांभाळलीं. नळदुर्गजवळ ‘आपलं घर’ या संस्थेनें अनाथ मुलांस आपल्याच मुलुखांत आसरा दिला. पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेनें डॉ. मोहन आगाशे यांच्या नेतृत्वाखालीं भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साह्यानें भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्याची पाहणी केली. पुढें सन २००९ मध्यें राष्ट्रीय आपत्ति व्यवस्थापन प्राधिकरणानें आपद्ग्रस्तांच्या मनास आधार देण्याविषयीं स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं. तेव्हां हा विचार आपल्याकडे नवा अथवा परका राहिलेला नाहीं. त्याचा अंमल गांवापर्यंत पोंचविणें तेवढें बाकी आहे.

काय करावें, हें सांगण्यापूर्वीं काय करूं नये हें सांगणें अवश्य आहे. मदत घेऊन येणारे सज्जन पुष्कळदां मुलास जवळ बोलावून, “काय झालें तें सांग,” म्हणून विचारतात. हेतु चांगला असतो. परिणाम चांगला होतोच असें नाहीं. आघातानंतर लागलीच सर्व हकीकत एका बैठकींत वदवून घेण्याच्या पद्धतीनें विकार टळत नाहीं, उलट कांहींजणांस अपायही होऊं शकतो, असें अनेक प्रयोगांची छाननी करणाऱ्या वैद्यांचें मत आहे. मूल आपण होऊन बोलूं लागलें तर शांतपणें ऐकावें. न बोललें तर शेजारीं बसावें. वह्या वांटतांना त्याचें छायाचित्र काढून तें चारचौघांत मिरवूं नये. गेलेल्या माणसाविषयीं “तो गांवाला गेला आहे” अशी खोटी समजूत न घालतां वयास झेपेल अशा शब्दांत खरें सांगावें. आईबाप हयात असतील तर केवळ गरिबीस्तव मूल त्यांच्यापासून तोडून दूर नेण्याची घाई करूं नये.

करावयाचें तें साधें आहे. शाळा व अंगणवाडी शक्य तितक्या लवकर, मंदिरांत वा मांडवांत कां होईना, सुरू व्हावी. कारण रोजची घंटा व ओळखीचे गुरुजी हें भ्यालेल्या मुलास मोठें औषध आहे. खेळण्यास सुरक्षित जागा असावी. शिक्षक, अंगणवाडी सेविका व आशा कार्यकर्त्या यांस लक्षणें ओळखण्याचें व धीर देण्याचें शिक्षण मिळावें. गांवांतील बायांनीं व बाप्यांनीं आठवड्यांतून एकदां वेगवेगळें बसून आपलें दुःख बोलावें. भजन, हरिपाठ व सप्ताह खंडित झाला असेल तर तो पुन्हां सुरू व्हावा, कारण माणसें एकत्र येण्याची ती जुनी जागा आहे. महिना उलटूनही ज्यांची झोंप परतत नाहीं, जे दारूच्या आहारीं जात आहेत, अथवा जगण्यांत अर्थ नाहीं असें जे बोलतात, त्यांस डॉक्टरांकडे न्यावें. नांदेडास विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व लातुरास विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र चालू आहे. जिवाच्या निर्वाणीचें बोलणें कानीं आलें तर मात्र महिनाच काय, दिवसही दवडूं नये.

आतां आपल्याकडे वळतों. आईबापांच्या मनावरील ओझें कोणत्या रूपानें असतें, हें आपणांहून अधिक कोणास ठाऊक असणार ? बीं-खतांची उधारी, अडतीवरून घेतलेली उचल, बटईचा हिशोब, सालगड्याच्या अंगावरील बाकी, हींच त्यांचीं नांवें. सोयाबीन वाहून गेलें, पण वहींतील आंकडा वाहून गेला नाहीं. दारीं तगादा आला कीं बाप घर टाळतो, आई धसका घेते आणि मूल दोघांचीं तोंडें पाहत राहतें. म्हणून आमचें असें निश्चित मत आहे कीं, पूरग्रस्त कुळास वा गिऱ्हाइकास एक हंगामाची मुदत देणारा व्यापारी त्या घरांतील मुलाच्या मनावर उपचारच करीत असतो. ही मुदत तोंडी न देतां लेखी द्यावी. कागद हातीं असलेला माणूस निश्चिंत निजतो.

मुदत दिल्यानें आपला हक्क बुडेल ही भीति नसावी. सन १९६३ च्या मुदतीच्या कायद्याच्या १८ व्या कलमाप्रमाणें, दाव्याची मुदत संपण्यापूर्वीं ऋणकोनें सहीनिशीं देणें कबूल केलें, तर त्या तारखेपासून मुदत नव्यानें मोजली जाते. म्हणजे एकाच कागदानें धनको सुरक्षित राहतो व ऋणको निर्धास्त होतो. उलटपक्षीं, वसुलीसाठीं ऋणकोचा छळ करणें हा सन २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी अधिनियमानें अपराध ठरविला आहे.

आणखी दोन गोष्टी कायद्याच्या आहेत. पितृहीन अज्ञान बालकाच्या वांट्यास आलेली शेतजमीन नड पाहून स्वस्तांत घेण्याचा मोह कोणासही होऊं नये. सन १९५६ च्या हिंदु अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाप्रमाणें, न्यायालयाच्या परवानगीवांचून नैसर्गिक पालकासही अज्ञानाची स्वतःची स्थावर मिळकत विकतां येत नाहीं. तसेंच, आत्महत्येचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र ताणाखालीं होता असें गृहीत धरावें व त्यास शिक्षा न करतां त्याची शुश्रूषा व्हावी, असें सन २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाच्या ११५ व्या कलमाचें सामान्य धोरण आहे. पोलिसांच्या भीतीनें अशी गोष्ट लपवून रोग्यास वाऱ्यावर सोडूं नये.

कोणी म्हणेल, आधीं पोटाला दाणा, मग मनाची गोष्ट. दाणा आधीं, यांत वाद नाहीं. सन १९७२ च्या दुष्काळांत सुकडीनें किती जीव वांचले, हें या प्रांतास स्मरतें. परंतु मिळालेलें बीं पेरण्यास उठणारा हात खचलेल्या मनाचा असेल तर तें बीं कणगींतच राहतें, आणि दिलेली वही भ्यालेल्या मुलाच्या दप्तरांत कोरीच राहते. मनास दिलेल्या आधारानेंच इतर दान फळास येतें.

यासाठीं आपणांकडे आमचें मागणें इतकेंच आहे. शाळा-अंगणवाडीची डागडुजी, वह्या-दप्तरें व खेळाचें साहित्य यांसाठीं. शिक्षक व सेविका यांच्या शिक्षणासाठीं. आणि रोग्यास जिल्ह्याच्या ठिकाणीं नेण्याआणण्याच्या भाड्यासाठीं यथाशक्ति द्रव्य द्यावें. हें साहाय्य एका महिन्यांत संपवूं नये. पुरानंतर पुन्हां मृगाचे ढग येतात, तेव्हां मुलांचें भय नव्यानें जागें होतें. निदान दोन पावसाळे पार पडेपर्यंत ही मदत टिकावी. ज्यांस द्रव्य देणें शक्य नसेल त्यांनीं आपल्या वहीचें एक पान एक हंगाम मिटून ठेवावें. तें दानही आम्ही तितक्याच आदरानें स्वीकारूं, कारण त्याची पोंच एखाद्या घरांत शांतपणें निजलेलें मूल देत असेल.

कळावें, ही विनंति.