सुझुकीची काटकसर आणि तिची हद्द

मे १९७९मध्ये जपानच्या बाजारात ‘अल्टो’ नावाची छोटी गाडी आली. किंमत ४ लाख ७० हजार येन, आणि ती देशभर एकच. गाडीत रेडिओ नव्हता. ड्रायव्हरशेजारच्या दाराला बाहेरून किल्ली लावायची सोय नव्हती, कारण ते दार आतूनही उघडता येतं आणि एक कुलूप कमी झालं की तेवढे पैसे वाचतात. मागची सीट नावापुरतीच होती, कारण कागदोपत्री ही गाडी मालवाहू प्रकारात मोडत होती आणि प्रवासी गाड्यांवरचा वस्तुकर तेव्हा मालवाहू गाड्यांना लागत नसे. कंपनीची सूत्रं वर्षभरापूर्वीच हाती घेतलेल्या ओसामू सुझुकी यांनी पाहिलं होतं की कारखान्यातले कितीतरी कामगार छोट्या मालवाहू गाड्यांतूनच कामावर येतात. आठवडाभर घर ते कारखाना, सुट्टीच्या दिवशी बाजारहाट, आणि गाडीत बहुतेक वेळा एक किंवा दोन माणसं. मग मागच्या ऐसपैस सीटचे पैसे त्यांनी का मोजावेत, या प्रश्नातून अल्टो उभी राहिली आणि तोट्याच्या चिंतेत असलेल्या कंपनीला तिने सावरलं.

सुझुकीची ओळख ‘स्वस्त गाड्या बनवणारी कंपनी’ अशी करून दिली जाते. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. स्वस्त गाड्या अनेकांनी काढल्या आणि त्यांतल्या बऱ्याच विसरल्याही गेल्या. महाग गाडीचा दर्जा थोडा थोडा उतरवत नेला की हलकी गाडी तयार होते. सुझुकीने सुरुवातच उलट्या टोकाने केली : मालकाला खरोखर काय लागतं ते आधी ठरवायचं आणि उरलेलं मुळातच घ्यायचं नाही. ही रीत तिला कुठून मिळाली, मालकांना तिचा अनुभव काय आला आणि ती कुठे चुकली, हे नीट पाहिलं तर काटकसर कधी गुण ठरते आणि कधी दोष, याचं उत्तर हाती येतं.

मिचिओ सुझुकी यांनी १९०९मध्ये शिझुओका प्रांतातल्या हमामात्सू इथे यंत्रमाग बनवायला सुरुवात केली. हा सगळा पट्टाच यंत्रमागांचा आणि कारागिरांचा; टोयोटाच्या घराण्याचं मूळही मागांतच आहे, आणि होंडा व यामाहा या कंपन्याही हमामात्सूतच जन्मल्या. १९३७च्या सुमारास सुझुकीने मोटारीचा प्रयोग केला, पण युद्धामुळे तो गुंडाळावा लागला. युद्धानंतर कापड धंद्याला मंदी आली तेव्हा १९५२मध्ये कंपनीने सायकलला बसवायचं ३६ सीसीचं इंजिन काढलं, १९५४मध्ये नावात ‘मोटर’ हा शब्द घेतला आणि १९५५मध्ये ‘सुझुलाइट’ ही पहिली मोटार आणली. ३६० सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन आणि पुढच्या चाकांना गती, अशी तिची रचना होती. मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांब शाफ्ट त्यात लागत नाही. वजन कमी होतं आणि तेवढ्याच लांबीत माणसांना जास्त जागा मिळते. त्या काळी बहुतेक कंपन्या मागच्याच चाकांना गती देत होत्या, म्हणून हा निर्णय धाडसाचा होता.

या धाडसाला जपानी कायद्याची चौकट होती. ‘केई’ म्हणजे हलक्या गाड्यांचा वेगळा वर्ग तिथे युद्धानंतर ठरवला गेला. गाडी ठरलेल्या मापात आणि ठरलेल्या इंजिनात बसली तर कर कमी. ती मर्यादा ३६० सीसीवरून १९७६मध्ये ५५० आणि १९९०मध्ये ६६० सीसीवर गेली. आज अशी गाडी ३.४ मीटरपेक्षा लांब आणि १.४८ मीटरपेक्षा रुंद असू शकत नाही, आणि तरीही जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांत तिसऱ्या हिश्शाहून जास्त गाड्या याच वर्गातल्या असतात. लांबी-रुंदी वाढवता येत नसेल तर उंची वाढवावी, माणसाला खुर्चीवर बसल्यासारखं सरळ बसवावं आणि गुडघ्यांना जागा द्यावी, ही १९९३च्या वॅगन आरची कल्पना याच बंधनातून निघाली. गुडघेदुखी असलेल्या माणसाला ज्या गाडीत वाकावं लागत नाही, ती गाडी पुण्यातल्या ज्येष्ठ नागरिकांनाही का आवडली, हे वेगळं सांगायला नको. लहान, कमी, हलकं, आखूड आणि नेटकं हे कंपनीचं घोषित तत्त्व आहे. प्रत्येक भागातून एक ग्रॅम वजन आणि एक येन खर्च कमी करण्याची मोहीमही तिने चालवली. २०१४ सालची जपानी अल्टो आधीच्या पिढीपेक्षा ६० किलोंनी हलकी निघाली. एवढ्याशा गाडीतून ६० किलो उतरवायचे तर एखाद्या भागात थोडा फरक करून भागत नाही, तळाचा सांगाडाच नव्याने आखावा लागतो.

या रीतीची सर्वांत मोठी परीक्षा भारतात झाली. ऑक्टोबर १९८२मध्ये सुझुकीने सरकारी मारुती उद्योगाशी करार करून २६ टक्के हिस्सा घेतला, आणि १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती ८००ची किल्ली ग्राहकाला मिळाली. तोवर महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाची गाडी म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी, मूळची फियाट. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर आणि जाड पत्रा. मारुतीचं इंजिन ७९६ सीसीचं आणि गाडीचं वजन साधारण ६५० किलो. आकड्यांत ती कमजोर दिसते, पण ओढायचं ओझंच कमी असल्याने ती चपळ होती. उन्हाळ्यात खंबाटकी किंवा कसारा घाटात बॉनेट उघडून रेडिएटर थंड व्हायची वाट पाहत उभ्या असलेल्या जुन्या गाड्या हे तेव्हाचं नेहमीचं दृश्य होतं. त्यांच्या शेजारून ही छोटी गाडी वर निघून जात असे. सकाळी किल्ली फिरवली की गाडी चालू होणार, एवढी साधी खात्री भारतीय मालकाला पहिल्यांदाच मिळाली.

मालकांच्या अनुभवाचा खरा भाग मात्र पुढच्या वर्षांत आहे. मारुतीवाल्यांच्या बोलण्यात किमतीपेक्षा तीन गोष्टी जास्त येतात : ॲव्हरेज, सर्व्हिसिंग आणि रीसेल. गाडी पाच-सहा वर्षांनी विकायला काढली तरी गिऱ्हाईक दारात येतं. दुसऱ्या मालकाकडून ती तालुक्याच्या गावी जाते, कधी ड्रायव्हिंग स्कूलकडे जाते, आणि तिथे शेकडो नवख्यांच्या हातून गिअर खरडून घेत वर्षानुवर्षं चालते. क्लच प्लेट, बेअरिंग, ब्रेक शू हे सगळं मोठ्या गावातल्या कोणत्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतं, आणि साध्या गॅरेजमधला मेकॅनिकही ते इंजिन खोलू शकतो. तेच इंजिन बसवलेली मारुती व्हॅन, पुढे जिचं नाव ओम्नी झालं, शाळेची मुलं, भाजीच्या पाट्या, केटररची पातेली आणि रुग्ण हे सगळं वाहत राहिली. तक्रारीही याच मालकांच्या आहेत. एसी लावून चार माणसं बसली की घाटात दम लागतो, म्हणून चढावर एसी बंद करावा लागतो. हायवेवर मोठा ट्रक बाजूने गेला की गाडी हलते. पत्रा अंगठ्याने दाबला तर दबतो. यातली एकही तक्रार खोटी नाही, पण गाडी घेताना मालकाला ती ठाऊक होती आणि त्याने ती स्वीकारली होती. मारुती ८००चं उत्पादन जानेवारी २०१४मध्ये थांबलं तेव्हा २५ लाखांहून जास्त गाड्या बनल्या होत्या, आणि त्यांतल्या कितीतरी कोणत्या ना कोणत्या घराची पहिली गाडी होत्या.

यावर पहिला आक्षेप असा की हे यश सुझुकीचं नसून सरकारी संरक्षणाचं आहे. स्पर्धा नव्हती, आयातीला बंदी होती, भागीदार स्वतः सरकार होतं, मग कुणीही जिंकलं असतं. सुरुवातीच्या वर्षांपुरतं हे खरं आहे. पण संरक्षणाने गाडी खपते, चांगली होत नाही, याचा पुरावा शेजारीच सापडतो. पाकिस्तानात सुझुकीची मेहरान १९८९पासून २०१९पर्यंत, तीस वर्षं, जवळपास त्याच रूपात विकली गेली. कराची-लाहोरच्या मालकांनी तिच्या दुरुस्तीच्या सोपेपणावर प्रेम केलं आणि कंपनीने काहीच बदललं नाही म्हणून रागही धरला. भारतात मात्र १९९३मध्ये मोटार उद्योगावरची परवाना पद्धत रद्द झाली, १९९८मध्ये सँट्रो आणि इंडिका या प्रतिस्पर्धी गाड्या आल्या, आणि २०००-०१ या वर्षात मारुतीने पहिल्यांदा तोटा पाहिला. त्यानंतर तिने नवी मॉडेल्स आणली, भावाची लढाई लढली, गावोगाव सर्व्हिस सेंटरं नेली आणि पहिलं स्थान राखलं. संरक्षणाने दार उघडलं हे मान्य. पण ते सगळ्यांना उघडल्यावरही ग्राहक टिकला, त्याचं श्रेय गाडीला आणि सर्व्हिसच्या जाळ्याला द्यावं लागतं.

दुसरा आक्षेप असा की ही रीत सगळीकडे चालत नाही. अमेरिकेत सुझुकीने २०१२मध्ये गाड्यांची विक्री बंद करण्याचं जाहीर केलं आणि २०१८मध्ये चीनमधून पाय काढला. लांबलचक हायवे, स्वस्त पेट्रोल आणि मोठ्या गाडीची हौस असलेल्या देशात हलक्या गाडीचं गणित बसत नाही. पण याने मूळ मुद्दा खोडला जात नाही, उलट त्याची व्याप्ती कळते. मालकाची गरज पाहून गाडी आखायची म्हटल्यावर जिथे गरजच वेगळी तिथे ती गाडी अपुरी पडणारच. हंगेरीत एस्टरगोमच्या कारखान्यात १९९२पासून बनलेली स्विफ्ट तिथल्या लोकांनी ‘आपली गाडी’ म्हणून स्वीकारली, कारण साम्यवादी काळातून नुकत्याच बाहेर पडलेल्या कुटुंबाला साधी आणि भरवशाची गाडीच हवी होती. १९७०पासून चालत आलेली जिम्नी हे याचं दुसरं उदाहरण. चैनीच्या सोयी फारशा नसलेली, पण सांगाडा भक्कम आणि चारही चाकांना गती. तिची आवृत्ती असलेली जिप्सी भारतीय लष्कराने वर्षानुवर्षं वापरली. पाच दारांची जिम्नी गुरुग्राममध्ये बनते, आणि २०२५च्या सुरुवातीला ती जपानमध्ये गेली तेव्हा काही दिवसांतच इतकी नोंदणी झाली की ती थांबवावी लागली.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि तो पुसून टाकता येत नाही. जानेवारी २०१४मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने ताशी ६४ किलोमीटर वेगाने भारतीय गाड्यांची टक्कर चाचणी घेतली. एअरबॅग नसलेल्या मारुती अल्टो ८००ला प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेत शून्य तारे मिळाले. इतर कंपन्यांच्या गाड्याही नापास झाल्या होत्या, पण दुसरा नापास झाला म्हणून आपण पास होत नाही. स्वस्त गाडीत सुरक्षा परवडत नाही, आणि ग्राहकही पैसे मोजायला तयार नसतो, असा बचाव वर्षानुवर्षं केला गेला. मोटरसायकलवर चौघं बसून जाणाऱ्या कुटुंबाला छोटी गाडी दिली तर ते अधिक सुरक्षितच होतं, असाही युक्तिवाद झाला. त्यात तथ्य आहे, पण तो अर्धाच आहे. रेडिओ नसला तर शोरूममध्येच दिसतं. किल्लीचं भोक नसलं तर पहिल्याच दिवशी कळतं. मागे जागा कमी आहे हे बसल्याबरोबर समजतं. ग्राहक ते तोलून निर्णय घेतो, आणि पटलं तर रेडिओ पुढे बसवूनही घेतो. दाराआडचा खांब टक्करीत दुमडेल की नाही, हे मात्र कोणत्याही ग्राहकाला शोरूममध्ये दिसत नाही आणि पुढे कोणत्याही गॅरेजात तो खांब बदलून मिळत नाही. जे मालकाला दिसतं ते गाळणं ही काटकसर. जे दिसत नाही आणि ज्याची किंमत त्याला जिवाने मोजावी लागते ते गाळणं हा विश्वासाचा भंग आहे. अल्टोच्या कुलपाला लावलेला नियम तिच्या सांगाड्याला लावता येत नाही.

‘परवडत नाही’ हा बचावही पुढे खुद्द कंपनीनेच खोटा ठरवला. पुढच्या दोन एअरबॅग कायद्याने सक्तीच्या झाल्या आणि छोट्या गाड्यांचा धंदा बुडाला नाही. २०२३मध्येही वॅगन आरला एकच तारा मिळाला होता; पण नोव्हेंबर २०२४मध्ये मारुतीच्याच नव्या डिझायरने पाच तारे मिळवले, तेही हलक्या सांगाड्याच्या त्याच परंपरेत राहून. मे २०२५मध्ये अल्टो के-१०, सेलेरिओ, वॅगन आर आणि ईको या गाड्यांत सहा एअरबॅग सरसकट देण्याचं कंपनीने जाहीर केलं. ग्रॅमाग्रॅमाचा हिशेब करणाऱ्या इंजिनिअरांना वजन न वाढवता मजबूत पोलाद कुठे वापरावं हे येत होतंच. कौशल्य होतं, त्याची मागणी कायद्याने, चाचण्यांनी आणि जागरूक ग्राहकाने करावी लागली, आणि ती फार उशिरा झाली.

ओसामू सुझुकी डिसेंबर २०२४मध्ये, ९४व्या वर्षी गेले. भारताने त्यांना २००७मध्ये पद्मभूषण आणि मरणोत्तर पद्मविभूषण दिलं. हा सन्मान योग्यच होता, कारण गाडी ही साहेबांची चीज न राहता कारकुनाच्या, शिक्षकाच्या, दुकानदाराच्या दारात आली, यात त्यांच्या हट्टाचा वाटा फार मोठा आहे. आता बाजार एसयूव्हीकडे वळला आहे आणि छोटी गाडी मागे पडते आहे, तेव्हा या वारशाचं मोल नीट समजून घेतलं पाहिजे. अरुंद रस्ते, पार्किंगची टंचाई आणि महाग पेट्रोल असलेल्या आपल्या शहरांना दीड टनाची धुडं परवडणारी नाहीत; हलक्या गाडीची गरज आज १९८३पेक्षा जास्त आहे. पण ती मागताना ग्राहकाने दोन याद्या वेगळ्या ठेवायला हव्यात. पहिलीत सोयी, ज्यांत हवी तेवढी काटछाट करावी. दुसरीत जीव वाचवणाऱ्या गोष्टी, ज्यांत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महाग गाडी सारखीच असावी. सुझुकीने पहिली यादी जगाला उत्तम शिकवली. दुसरी ती स्वतः अजून शिकते आहे, आणि ते शिक्षण पूर्ण करून घेणं कायद्याइतकंच गाडी विकत घेणाऱ्याच्याही हातात आहे.