‘ड’ जीवनसत्त्वाची मात्रा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

एखाद्या रुग्णाच्या हाडांचे दुखणे पाहून डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घेण्यास सांगितलेली साठ हजार एककांची गोळी पुढे नात्यागोत्यात आणि शेजारीपाजारी सरसकट उपाय म्हणून घेतली जावी, हा प्रघात आपल्याकडे इतका बोकाळला आहे की, त्यामागील समजुतींची छाननी करणे अगत्याचे झाले आहे.

गैरसमज : आपल्या देशात ऊन मुबलक, येथे उणीव संभवतच नाही.
वस्तुस्थिती : ज्या अतिनील किरणांमुळे त्वचेत हे जीवनसत्त्व तयार होते, ते साध्या काचेतून जवळजवळ आत येत नाहीत, म्हणून बंद खिडकीशी बसून घेतलेले ऊन या कामी निरुपयोगी ठरते, शिवाय सावळा वर्ण, अंगभर वस्त्रे आणि वार्धक्य यांमुळे ही निर्मिती मंदावते.

गैरसमज : सर्वांना एकच मात्रा चालते.
वस्तुस्थिती : तान्ह्या बाळाला रोज ४०० एकके, तर निरोगी प्रौढाला ६०० एकके सामान्यतः पुरतात, परंतु हे जीवनसत्त्व चरबीत साठून राहत असल्याने स्थूल व्यक्तीस दुप्पट-तिप्पट मात्रा लागू शकते, अपस्मारावरील फेनिटॉइन व क्षयावरील रिफॅम्पिसिन ही औषधे त्याचा ऱ्हास त्वरेने घडवितात, आणि त्याला अंतिम कार्यक्षम रूप मुख्यत्वे मूत्रपिंडात मिळत असल्याने तेथील विकार बळावलेल्या रुग्णास वेगळ्या स्वरूपाचे औषध द्यावे लागते.

गैरसमज : जीवनसत्त्वच ते, अधिक घेतल्याने अपाय कसला?
वस्तुस्थिती : हे जीवनसत्त्व मेदात विरघळणारे असल्यामुळे जादा अंश लघवीवाटे सहज निघून जात नाही, तो साचून रक्तातील कॅल्शियम वाढले म्हणजे अतितृष्णा, वांत्या, बद्धकोष्ठ आणि अखेरीस मूत्रपिंडास इजा असा क्रम संभवतो. ऑस्ट्रेलियातील वृद्ध स्त्रियांना वर्षातून एकदाच पाच लाख एकके देऊन केलेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर, ज्यांना औषधाऐवजी निष्क्रिय गोळ्या मिळाल्या त्यांच्यापेक्षा औषध घेणाऱ्यांचे पडणे आणि अस्थिभंग अधिक आढळले.

तेव्हा वय, वजन, जुने विकार, चालू औषधे व पूर्वी घेतलेल्या गोळ्या यांचा संपूर्ण तपशील डॉक्टरांपुढे ठेवावा, मात्रा व मुदत त्यांच्याकडून लिहून घ्यावी, आणि दुसऱ्याच्या चिठ्ठीवरची गोळी कदापि घेऊ नये.